कोंडातले झिंगे आधी मेले

जानेवारीचा दुसरा आठवडा, मंगळवार. दुपारी कॉलेज सुटायच्या सुमारास बारावीतल्या एका मुलीचा फोन आला. "सर, आमच्या कोंडात झिंगे मरून पडलेत. मासे पण. तुम्ही येताव काय बघायला?" तिचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, खाडीपासून फार लांब नाही. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण जे घडलं ते आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत घडू शकतं आणि घडतंही.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. आमची स्वतःची आंब्याची चाळीस कलमं आहेत, मोहराला फवारणी आम्हीही करतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटू नये की बागायतदाराकडे बोट दाखवायला कुणी शहरातून आलाय.

जागा अशी. वर कातळाचा सडा, त्याच्या उतारावर हापूसच्या बागा, बागांच्या मधून उतरणारा पऱ्या, म्हणजे ओढा. जानेवारीत पऱ्या करंगळीएवढा झालेला असतो, दगडांच्या फटीतून झिरपत राहतो. वाडीच्या वरच्या अंगाला त्याचा एक कोंड, म्हणजे डोह, होतो. लांबी साधारण दहा मीटर, रुंदी सहा, खोली सरासरी कमरेएवढी. मे महिन्यापर्यंत यात पाणी असतं. बायका इथेच कपडे धुतात, गुरं इथेच पाणी पितात आणि खालच्या वाडीतली एक काकी रोज संध्याकाळी इथेच झोळीने झिंगे धरते. कोंडाच्या खाली अर्ध्या किलोमीटरवर खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन, लागतं आणि मग खाडी.

मी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. काठाच्या उथळ पाण्यात झिंग्यांचा थर साचला होता. जिवंत झिंगा काचेसारखा आरपार दिसतो, मेला की दुधाळ होतो. इथे तळ पांढरा ठिपकेदार दिसत होता. काही अजून जिवंत होते. एक मी तळहातावर घेतला. तो कुशीवर पडलेला, पोटाखालचे पाय थरथरत होते, मध्येच शेपूट आपटायचा, पण त्या आपटण्याला दिशा नव्हती. निरोगी झिंग्याला बोट लावलं की तो क्षणात मागे उडी मारतो. याला उडी मारायची होती, पण शरीर ऐकत नव्हतं.

दगडांना चिकटून राहणारे मळ्ये मासे उलटे होऊन तरंगत होते. बोटाएवढ्या माशांची पोटं चकाकत होती. दोन कुर्ल्या बिळाच्या तोंडाशी पाय पसरून पडलेल्या. पाण्यावर सरसर धावणाऱ्या पाणनिवळ्या एरवी कोंडावर ढिगाने असतात, त्या काठाला पाचोळ्यात अडकून मेल्या होत्या. दगडावरचे शंख मात्र सावकाश चालत होते. शेवाळ हिरवंगार होतं. एक हातभर मरळ कोंडाच्या खोल भागातून वर येऊन हवेचा घोट घेऊन परत गेली.

कोण मेलं आणि कोण जगलं, ही यादी मी तिथेच उभ्याने वहीत लिहिली. या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोग त्या एका पानाचा झाला. प्रयोगशाळेच्या कागदाचाही एवढा झाला नाही.

संशय कुणावर

संध्याकाळपर्यंत वाडीत निकाल लागून गेला होता. पलीकडच्या वाडीतल्या पोरांनी माशांसाठी कोंडात विष घातलं, असं सगळे म्हणत होते. सहाणेवर, म्हणजे गाव जमतं त्या ओट्यावर, माणसं जमली, आवाज चढले, एकाने दुसऱ्याची गचांडी धरेपर्यंत वेळ आली. पोरांवर संशय येणं अगदीच निराधार नव्हतं. आपल्याकडे गेळाची फळं ठेचून किंवा रामेठा कुटून पाण्यात घालायची रीत जुनी आहे, आणि अलीकडे लोक ब्लीचिंग पावडरही वापरतात.

पण वहीतलं पान दुसरंच सांगत होतं.

गेळाच्या फळात सॅपोनिन असतं. ते माशाच्या कल्ल्यांवर आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतं. झिंग्या-कोळंबीच्या रक्तात तांबड्या पेशी नसतातच. त्यांचं रक्त हिमोसायनिनवर चालतं, त्यात लोखंडाऐवजी तांबं असतं. म्हणून सॅपोनिनच्या ज्या मात्रेत मासे मरतात, त्यात झिंगे तगून राहतात. कोळंबी संवर्धन करणारे हाच गुण वापरतात. तळ्यातले नको असलेले मासे मारायचे आणि कोळंबी राखायची असेल तर चहाच्या बियांची पेंड टाकतात, ती सॅपोनिनमुळेच चालते. इथे उलट झालं होतं, झिंगे आधी आणि सगळ्यात जास्त मेले होते. म्हणजे गेळ नव्हे.

ब्लीचिंग पावडर असती तर शेवाळ पांढरं पडलं असतं आणि शंखही वाचले नसते.

उरला ऑक्सिजन. पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतात तेव्हा त्याची एक ठरलेली रीत असते. रात्रभर शेवाळ आणि कुजणारा पाला ऑक्सिजन खातो, पहाटे तो सगळ्यात कमी होतो, आणि आधी मोठे मासे मरतात कारण त्यांची गरज मोठी. इथे लहान आधी गेले होते. शिवाय पाणनिवळ्या हवेतला श्वास घेतात, पाण्यातल्या ऑक्सिजनशी त्यांचा संबंध नाही. त्या कशा मेल्या? तरीही खात्री हवी म्हणून मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून विंकलर चाचणीचं सामान नेलं होतं. बाटलीत दोन द्रावणं घातली की साका बसतो. ऑक्सिजन नसेल तर तो पांढरा राहतो, असेल तर तपकिरी होतो. आमच्या बाटलीत गर्द तपकिरी साका बसला. सहाणेवर ती बाटली मी सगळ्यांना दाखवली. आकडे सांगितले असते तर कुणी ऐकलं नसतं, रंग सगळ्यांना दिसला.

पोरांवरचा आरोप त्या रात्री बाजूला पडला. मला या सगळ्या प्रकरणात याचंच समाधान जास्त वाटतं.

पऱ्याने वर

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विद्यार्थिनी, झोळीवाली काकी आणि मी पऱ्याच्या पात्रातून वर चालत गेलो. माझ्याकडे चहाची गाळणी होती. दर वीस-पंचवीस पावलांवर दगड उलटायचा, खाली गाळणी धरायची. कोंडाच्या वरचे पहिले दोनशे मीटर काहीच जिवंत मिळेना. चतुराच्या अळ्या मेलेल्या, दगडाखालचे बारीक कीटक मेलेले. मग आंब्याच्या एका बागेच्या कडेला पात्रात एक सपाट कातळ लागला, आणि त्याच्या वरच्या बाजूला गाळणीत पहिलाच झिंगा टुणकन उडाला. काकी म्हणाली, "हा जित्ता हाय." त्याच्या वर सगळं जिवंत होतं.

त्या सपाट कातळावर फवारणीचा पंप ठेवल्याच्या खुणा होत्या. दगडांच्या खाचेत दुधासारखा पांढरट ओघळ सुकलेला. हात लावून हुंगला तर रॉकेलसारखा वास. 'ईसी' प्रकारची औषधं तेलकट द्रावकात विरघळवलेली असतात, पाण्यात पडली की दुधाळ होतात, वास त्या द्रावकाचा. शेजारी झुडपात रिकामी बाटली सापडली. लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन, ५ टक्के.

हे औषध आंब्याला कुणी चोरून मारत नाही. मोहर येतो त्या काळात तुडतुड्यांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात ते आहे, लिटरला ०.६ मिलिलिटर. तुडतुड्यांनी मोहराचा रस शोषला तर बागायतदाराचं वर्ष जातं. फवारणीच करू नका, असं मी कुणाला सांगणार नाही.

बाग गावातल्याच एका वयस्क बागायतदाराची. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. सोमवारी दिवसभर फवारणी झाली, संध्याकाळी गड्याने पंप, नळी आणि पिंप पऱ्यावर धुतलं. दरवर्षी तिथेच धुतात. तळाला उरलेलं पाच-सहा लिटर औषधाचं पाणीही तिथेच ओतलं.

"सर, पाच लिटर पाण्यानं कोंड मरतो होय? आणि आम्ही काय आज फवारतोय?"

प्रश्न रास्त होता. मी अंगणात बसून त्यांच्याच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदावर हिशेब मांडला.

लिटरला ०.६ मिलिलिटर औषध, त्यात ५ टक्के मूळ विष. म्हणजे फवारणीच्या एका लिटर पाण्यात ३० मिलिग्रॅम. पाच लिटर उरलं तर १५० मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. कोंडात पाणी किती? दहा गुणिले सहा गुणिले एक मीटर, म्हणजे साठ हजार लिटर. १५० मिलिग्रॅम साठ हजार लिटरमध्ये वाटलं की लिटरला २.५ मायक्रोग्रॅम येतात. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

आता दुसरी बाजू. प्रयोगशाळेत माशांना चार दिवस विषाच्या पाण्यात ठेवून, निम्मे मासे मरतात ती मात्रा काढतात. ब्लूगिल नावाच्या अमेरिकन माशासाठी या औषधाची ती मात्रा लिटरला ०.२ मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. मायसिड नावाच्या, जवळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक समुद्री जिवासाठी ती ०.००५ मायक्रोग्रॅमच्या जवळ आहे. आपले झिंगे म्हणजे मायसिड नव्हेत, पण कवचधारीच. त्यांच्या गोत्राचा कल यावरून कळतो. सगळं विष पाण्यात राहत नाही, बरंचसं गाळाला आणि पाचोळ्याला चिकटतं, हेही धरलं. दहातले नऊ भाग चिकटले असं समजू. तरी लिटरला ०.२५ उरतात. माशाला पुरेसे, आणि मायसिडसारख्या जिवाला पन्नास पट.

अण्णा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "बाटलीवर तर तांबडा त्रिकोण नाय."

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाटलीवरचा त्रिकोण, तांबडा, पिवळा, निळा की हिरवा, हा माणसाला आणि गुराला ते किती विषारी हे सांगतो. तो रंग उंदरावरच्या चाचण्यांतून ठरतो. मासा, झिंगा, मधमाशी यांच्याबद्दल तो काही बोलत नाही. त्यासाठी बारीक अक्षरातली सूचना वाचावी लागते, आणि ती वाचायला भिंग लागतं. आमच्याकडे रंग बघून औषध 'सौम्य' की 'जहाल' हे ठरतं, आणि पऱ्याच्या बाबतीत तो अंदाज पार उलटा पडतो.

माशालाच का

पायरेथ्रॉइड गटातली ही औषधं मज्जातंतूवर काम करतात. मज्जापेशीच्या आवरणात सोडियम आत सोडणारी दारं असतात. संदेश आला की दार उघडतं, क्षणात मिटतं. औषध त्या दारात अडकून बसतं, दार मिटत नाही आणि पेशी पुन्हा पुन्हा संदेश सोडत राहते. माझ्या तळहातावर थरथरणारा झिंगा म्हणजे हेच. ताकद संपेपर्यंत स्नायू आपोआप हलत राहतात.

माणसाच्या आणि गुराच्या शरीरात ही रसायनं तोडणारी विकरं (एन्झाइम) भरपूर असतात, म्हणून ती आपल्याला तेवढी बाधत नाहीत. माशात ती फार अपुरी असतात. शिवाय ही रसायनं तेलात विरघळणारी. मासा दिवसभर कल्ल्यांवरून पाणी फिरवत असतो आणि पाण्यातलं असं रसायन थेट रक्तात ओढून घेतो. झिंगे आणि कुर्ल्या तर कीटकांचे जवळचे नातलग, सांधेपायांचे. तुडतुडा मारायला केलेलं औषध झिंग्याला तुडतुड्यासारखंच मारतं. शंख-शिंपल्यांच्या गोत्राला मात्र ही औषधं पुष्कळच कमी बाधतात, म्हणून ते दगडावर चालत राहिले. कोंडात झिंगा मेला आणि शंख जगला, एवढ्यावरूनच अर्धं निदान होत होतं.

त्यात भर थंडीची. पायरेथ्रॉइडची विषबाधा गार पाण्यात वाढते, आणि आमचा फवारणीचा जोर नेमका थंडीत असतो. पऱ्याला पाणीही तेव्हा कमी. पावसाळ्यात हेच पाच लिटर कुठल्या कुठे वाहून पातळ झालं असतं. तसं पावसाळ्यातही सगळं ठीक असतं असं नाही. भाताचे बांध पोखरतात म्हणून कुर्ल्यांच्या बिळात फोरेटचे दाणे टाकणारे लोक मी पाहिलेत. २०२० च्या अखेरीपासून फोरेटवर बंदी आहे, तरी आणून ठेवलेलं कुणाच्या माळ्यावर असेलच. तो वेगळा विषय, पण पाणी तेच.

कागदावर काय आलं

बुधवारी सकाळी मी पाण्याचे तीन नमुने घेतले होते. काचेच्या बाटल्यांत, कारण ही रसायनं प्लास्टिकला चिकटतात. काळ्या कागदात गुंडाळून मासळी बाजारातल्या बर्फात ठेवले आणि एका खासगी प्रयोगशाळेत पाठवले. गाळही पाठवणार होतो, पण गाळ तपासत नाही असं त्यांनी आधीच कळवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "आढळले नाही."

वाडीत ज्यांना हे प्रकरण मिटवायचं होतं त्यांना तेवढं पुरेसं होतं. कागदाच्या तळाला मात्र त्यांची तपासणीची मर्यादा लिहिली होती, लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे त्याखाली जे आहे ते त्यांच्या यंत्राला दिसतच नाही. ०.१ हा आकडा ओळखीचा आहे. आपल्याकडे बाटलीबंद पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची कमाल मर्यादा तीच आहे. माणसाला प्यायला ते पाणी चालेल. मायसिडला मारणाऱ्या मात्रेच्या ते वीस पट आहे. शिवाय नमुना धुण्यानंतर दीड दिवसाने घेतलेला, तोवर पाण्यातलं बहुतेक विष गाळात बसलेलं.

त्यामुळे या प्रकरणात रासायनिक पुरावा नाही, हे मी स्पष्ट लिहितो. पुरावा आहे तो जिवांचा: कातळाच्या वर जिवंत, कातळाच्या खाली मेलेले, झिंगे आणि कीटक आधी, शंख शाबूत, ऑक्सिजन भरपूर, थरथर, आणि सोमवारची धुलाई. माझ्या मते तेवढा पुरे आहे. मासे मेल्यावर आपण बाटली भरून शहरात पाठवतो आणि कागदाची वाट बघतो. त्याऐवजी पहिल्या तासात कोण मेलं आणि कोण जगलं याची यादी करावी, मोबाइलवर फोटो काढावेत, वरच्या अंगाला कुठपर्यंत जीव आहे ते बघावं. ही माहिती दुसऱ्या दिवशी मिळत नाही. कावळे आणि मुंगसं तोवर सगळं साफ करतात.

खाजणात काय झालं, ही काकीची काळजी होती. तिची बहीण तिथे ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढते. आम्ही दोन ओहोट्या फिरलो. निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या, बोयची पिल्लं धावत होती, मेलेलं काही दिसलं नाही. भरतीच्या पाण्याने विष पातळ झालं असणार, आणि वाटेतल्या गाळाने बरंच धरलं असणार. पण पायरेथ्रॉइड पाण्यात काही तास, फार तर काही दिवस टिकतं, गाळात आठवडे, महिने राहतं. मोहर येण्याआधीपासून फळ धरेपर्यंत एकेका बागेत पाच-सहा फवारण्या होतात आणि या एका पऱ्यावर चौदा बागा आहेत. गाळात राहणारी खरबी मासळी, बारीक कोळंबी यांच्यावर एका दिवसात मेल्याची खूण उमटत नाही. खाणं कमी होतं, वाढ खुंटते, अंडी कमी पडतात, शत्रू आला तर उडी उशिरा पडते. काठावर मेलेला मासा दिसत नाही, आणि दहा वर्षांनी लोक म्हणतात, पूर्वी इथे किती झिंगे मिळायचे.

नंतर

अण्णांनी स्वतःहून बागेतच, पऱ्यापासून लांब, गुडघाभर खड्डा काढला. त्यात माती, भाताचा पेंढा आणि गोठ्यातलं कुजलेलं शेण मिसळून भरलं. पंप-पिंप तिथे धुवायचं. पेंढ्यातली बुरशी आणि मातीतले जिवाणू औषध हळूहळू तोडतात. युरोपात शेतकरी अशा खड्ड्यांचा वापर बरीच वर्षं करतात. पिंपात उरलेलं औषध दहापट पाण्यात मिसळून कडेच्या कलमांवर मारून संपवायचं.

बाटलीचं मात्र समजावून सांगावं लागलं. रिकामी वाटणाऱ्या बाटलीत दोन मिलिलिटर चिकटून राहिलं तर ते १०० मिलिग्रॅम मूळ विष झालं, त्या उरलेल्या पाच लिटरमधल्या विषाच्या दोन तृतीयांश. अर्ध्या कपभर, ५० मिलिलिटर पाण्याने ती विसळली आणि पुन्हा दोन मिलिलिटर राहिले, तर विष सव्विसाव्या भागावर येतं. तीनदा विसळली की १०० मिलिग्रॅमचे सहा मायक्रोग्रॅम उरतात. विसळलेलं पाणी पिंपातच ओतायचं, म्हणजे विकत घेतलेलं औषधही वाया जात नाही. गड्याने ऐकून विचारलं की हे आधी कुणी का नाही सांगितलं. तो नेपाळहून आलेला, बाटलीवरची एकही भाषा त्याला वाचता येत नाही. सात हंगाम तो हे काम करतोय. त्याला हातमोजेसुद्धा यंदा पहिल्यांदा मिळाले.

मार्चमध्ये कोंडात पाणनिवळ्या परत आल्या. वरच्या अंगाने वाहून येणाऱ्या कीटकांच्या अळ्याही दगडाखाली दिसू लागल्या. कातळाच्या वरचा भाग वाचला होता, म्हणून हे जमलं. फवारणीचं पाणी पऱ्याच्या उगमाशीच पडलं असतं तर मागे कुणी उरलं नसतं. झिंगे मात्र मेपर्यंत तुरळकच होते. काकीने ते चार महिने खाडीवर जाऊन काढले, भाड्याचे पैसे घालून.

पावसाळ्यात चढणीच्या माशांबरोबर खालून झिंगे वर आले. ऑगस्टमध्ये विद्यार्थिनीने गाळणी लावून मोजायला सुरुवात केली आहे, कोंडाच्या वर तीन जागा, खाली तीन, महिन्यातून एकदा. चौदापैकी पाच बागांत खड्डे झालेत. बाकीच्या नऊ जणांकडे अण्णा आणि मी दिवाळीनंतर जाणार आहोत, पालवीवरची पहिली फवारणी सुरू व्हायच्या आत.